नवी क्लासिक ३५० : कॅरिअर, बाजूच्या बॅगा आणि सीट यांची निवड कशी करावी?

सातारकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली. पहिली सर्व्हिसिंग झाली असून गाडी आतापर्यंत साडेआठशे किलोमीटर चालली आहे. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही; प्रश्न आहे तो सामानाचा आणि बसण्याचा.

माझ्या पत्नीचे माहेर गुहागरजवळ आहे. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण या रस्त्याने आम्ही दोघे महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो. जाताना दोघांचे दोन दिवसांचे कपडे आणि रेनकोट एवढेच असते, पण परतताना तांदूळ, कोकम, काजू आणि हंगामात आंबे अशी भर पडते आणि एकूण वजन बारा-पंधरा किलोंच्या घरात जाते. दिवाळीनंतर कोल्हापूर, बेळगावमार्गे हंपीपर्यंत आठ दिवसांचा प्रवास करण्याचाही विचार आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच, वजन ७८ किलो. पत्नीचे वजन ६४ किलो असून तिला कमरेचा जुना त्रास आहे. मागच्या आठवड्यात चिपळूणला पोचेपर्यंतच ती दोनदा गाडी थांबवून उतरली.

तीन दुकानांत चौकशी केली आणि तिन्ही ठिकाणी वेगळा सल्ला मिळाला. एकाच्या मते मागे कॅरिअर बसवून त्यावर ॲल्युमिनियमची मोठी पेटी ठेवावी. दुसऱ्याने दोन्ही बाजूंना सॅडल स्टे (बाजूच्या बॅगांना आधार देणाऱ्या लोखंडी चौकटी) लावून कापडी बॅगा घेण्यास सांगितले. तिसरा तर बाजूच्या दोन पेट्या आणि मागची एक, असा संपूर्ण संचच घ्या म्हणत होता. सीटबाबतही तसेच झाले. कोणी कंपनीची टूरिंग सीट सुचवतो, कोणी जेलची गादी, कोणी मूळ सीटच फाडून नव्याने भरून घ्या म्हणतो. माझ्याकडे यासाठी पंधरा हजार रुपये आहेत आणि ते एकदाच, विचारपूर्वक खर्च करायचे आहेत. ज्यांनी ही गाडी जोडीदाराला आणि सामानाला घेऊन चालवली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दापोलीवाट

नवीन गाडीबद्दल अभिनंदन. याच गाडीवर गेल्या तीन वर्षांत माझे एकतीस हजार किलोमीटर झाले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कोकणातल्या रस्त्यांवरचे, पत्नीला मागे बसवून झालेले आहेत. त्यामुळे सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

कोणती वस्तू चांगली, यापेक्षा वजन गाडीवर नेमके कुठे बसणार, हा प्रश्न आधी सोडवावा. क्लासिक ३५०च्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर १३९० मिलिमीटर, म्हणजे साधारण १३९ सेंटीमीटर आहे. मागच्या कॅरिअरवर पेटी ठेवली, तर तिच्या वजनाचा मध्य मागच्या आसाच्या अंदाजे ४० सेंटीमीटर मागे पडतो. पेटी आणि सामान मिळून १५ किलो धरले, तर १५ गुणिले ४० भागिले १३९ या हिशेबाने पुढच्या चाकावरचा सुमारे ४.३ किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकावर १५ ऐवजी १९ किलोंहून अधिक भार येतो. तेच १५ किलो बाजूच्या बॅगांत, आसाच्या जेमतेम १० सेंटीमीटर मागे आणि बरेच खाली ठेवले, तर पुढचे चाक फक्त किलोभर हलके होते. चार किलोंनी काय होणार, असे कागदावर वाटते, पण कुंभार्ली घाटाच्या चढावरच्या वळणावर पुढचे चाक बाहेरच्या बाजूला सरकू लागते आणि हँडल हातात पोकळ लागते, तेव्हा या चार किलोंचा अर्थ कळतो. पाठीमागे माणूस बसलेले असताना पुढचे चाक आधीच हलके झालेले असते, हेही लक्षात घ्या.

माझा कल म्हणून स्पष्टपणे सॅडल स्टे आणि कापडी बॅगा यांकडे आहे. पण यात एक खबरदारी अनिवार्य आहे. या गाडीचा सायलेन्सर उजव्या बाजूला, लांब आणि जवळजवळ आडवा आहे. स्टे न लावता सीटवरून टाकलेली बॅग सामान भरल्यावर खाली ओघळते आणि खड्ड्यात सायलेन्सरला टेकते. माझी पहिली बॅग अशीच वितळली आणि त्यातला स्वेटर जळाला. वास आला तेव्हा आम्ही खेडजवळ होतो, म्हणून वेळेत कळले. त्यामुळे उजव्या बाजूचा स्टे घेताना रिकामी बॅग लावून समाधान मानू नये. बॅगेत दहा किलो तांदूळ भरून, सीटवर दोघांनी बसून, गाडी दाबून पाहावे आणि त्या स्थितीतही बॅगेचा तळ व सायलेन्सर यांत चार बोटे अंतर राहते का, ते दुकानातच तपासावे.

आता लोखंडाविषयी. माझे पहिले कॅरिअर अकरा महिन्यांत जोडापाशी तडकले. जाड नळी पाहून मी ते घेतले होते, पण तडा नळीला गेला नाही, तर नळी आणि बोल्टची पट्टी जिथे वेल्ड केली होती, तिथे गेला. खड्ड्यात १५ किलो सामान क्षणभर दुपटी-तिपटीने जड होते आणि तो सगळा झटका त्या एका जोडावर येतो. म्हणून कॅरिअर किंवा स्टे निवडताना नळीच्या जाडीइतकेच लक्ष जोडाकडे द्या. पट्टीला त्रिकोणी आधार आहे का, वेल्ड सलग आहे की दोन-चार ठिपक्यांवर भागवले आहे, आणि चौकट गाडीला दोनच ठिकाणी धरते की तीन-चार ठिकाणी, हे पाहा. दोन्ही बाजूंच्या स्टेंना मागून जोडणारी आडवी पट्टी असेल, तर चौकट डुलत नाही. अशी पट्टी असलेलाच संच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बोल्टबद्दल कोणी दुकानदार बोलत नाही, म्हणून लिहितो. कंपनीचा बोल्ट जेवढा लांब असतो, तेवढाच तो मूळ भागासाठी पुरेसा असतो. मध्ये चार-पाच मिलिमीटरची नवी पट्टी आली की तेवढे आटे कमी पकडतात. जुनाच बोल्ट परत लावून देणाऱ्या माणसाला थांबवा आणि तितक्याच जाडीचा, पण पट्टीच्या जाडीइतका अधिक लांब, ८.८ ग्रेडचा (मजबूत पोलादाचा) बोल्ट मागून घ्या. त्यावर आटे पकडून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाचा एक थेंब पुरे. पहिल्या तीनशे-चारशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. एखादा तरी सैल झालेला सापडतोच.

तुम्ही समुद्रकाठी वरचेवर जाणार, म्हणून गंजाचाही विचार करावा लागेल. पावडर कोटिंग बाहेरून चकचकीत असले, तरी नळीच्या आत पाणी शिरून ती आतून सडते. नळीची टोके पूर्ण बंद आहेत का, किंवा पाणी निघून जायला खाली छोटे भोक ठेवले आहे का, ते पाहा. गुहागरहून घरी आल्यावर चौकट गोड्या पाण्याने धुण्याची सवय लावून घ्या.

मागच्या सीटवरून

मी कोल्हापूरची. गेली सोळा वर्षे माझ्या यजमानांच्या मागे बसून प्रवास करते आहे आणि मलाही कमरेचा त्रास आहे, म्हणून वहिनींच्या बाजूने चार गोष्टी मांडते. वरच्या उत्तरातला हिशेब मला पटला, परंतु तुमच्या पैशांतला पहिला वाटा सामानाला नव्हे, तर मागच्या सीटला मिळावा, असे माझे ठाम मत आहे. सामान एक वेळ कमी नेता येते. माणूस मात्र पाच तास त्याच वीतभर जागेवर बसलेले असते.

क्लासिकची पुढची आणि मागची सीट वेगवेगळी असते, हे तुमच्या सोयीचे आहे, कारण फक्त मागचीच बदलता येते. मूळ मागची सीट आखूड आहे. चालवणाऱ्याने ब्रेक लावला की मागचा माणूस पुढे घसरतो, मग मांड्यांनी आणि हातांनी स्वतःला मागे रेटतो. घाटात हे शेकडो वेळा घडते आणि कंबर दुखते ती त्यानेच, केवळ गादी कडक असल्यामुळे नव्हे. म्हणून नवी सीट निवडताना मऊपणा नंतर पाहा. आधी ती रुंद आणि सपाट आहे का, आणि तिच्या पुढच्या काठाला किंचित उठाव आहे का, ते पाहा.

पाठटेका, म्हणजे बॅकरेस्ट, घ्यावा का, असा पुढचा प्रश्न येईल. घ्यावा, पण त्याची उंची आणि जागा वहिनींना बसवून ठरवावी. मला पहिल्यांदा लावून दिलेला पाठटेका इतका मागे होता, की त्याला टेकायचे म्हटले तर मी यजमानांपासून वीतभर दूर जाऊन मागे झुकत असे आणि दर खड्ड्याला त्याची कड माकडहाडाच्या वर लागत असे. टेका कमरेच्या वळणाला अलगद लागला पाहिजे. पाठ टाकून बसण्यासाठी तो नसतो. गाडी वेग घेताना मागे जाणारा तोल त्याने सावरला, एवढे त्याचे काम.

एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात सहसा येत नाही. दोन्ही बाजूंना बॅगा आणि मागे पाठटेका अशी रचना झाली, की मागच्या माणसाला बसायला आणि उतरायला पाय बराच उंच उचलून आत घ्यावा लागतो. कंबर किंवा गुडघा दुखत असेल, तर दिवसातून दहा वेळा हे करणे सोपे नाही. साडी नेसून एका बाजूला बसण्याचा प्रसंग येत असेल, तर डाव्या बाजूची बॅग असेपर्यंत तेही शक्य होत नाही. माझ्या सासरी जाताना आम्हाला हा प्रश्न येई, म्हणून आम्ही सहज काढता येणाऱ्या बॅगाच घेतल्या. गावात पोचल्यावर त्या उतरवून ठेवतो. पेट्या घेतल्या असत्या, तर ही मुभा राहिली नसती. पैसे देण्यापूर्वी वहिनींना दुकानात घेऊन जा, बॅगा लावलेल्या गाडीवर त्यांना पाच-सहा वेळा चढू-उतरू द्या आणि त्यांच्या शब्दावर निर्णय घ्या, ही माझी विनंती आहे.

सीटकाम

मी पुण्यात सीट भरण्याचे काम करतो. वरच्या ताईंनी घसरण्याबद्दल जे लिहिले आहे, ते अगदी खरे आहे. आमच्याकडे येणारी दहापैकी सात माणसे ‘सीट मऊ करून द्या’ म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना खरे तर थोडी कडक सीट हवी असते.

बसल्यावर आपले वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते. मऊ फोम दुकानात दहा मिनिटे छान वाटतो, पण तासाभराने ती दोन हाडे फोम पूर्ण दाबून खालच्या प्लॅस्टिकच्या तळापर्यंत पोचतात आणि मग प्रत्येक खड्डा थेट मणक्याला लागतो. याची परीक्षा सोपी आहे. सीट काढून टेबलावर ठेवा, हाताची मूठ वळून तिच्यावर शरीराचा भार टाका. मूठ तळाला टेकत असेल, तर ती सीट लांबच्या प्रवासाची नाही. आम्ही खाली रीबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) कडक थर देतो आणि वर मध्यम कडकपणाचा थर चिकटवतो. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ असे काही आकडे सांगतात, परंतु डेन्सिटी म्हणजे फोमचे वजन, कडकपणा नव्हे. तेवढ्याच डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही. जास्त डेन्सिटीचा फोम लवकर बसत नाही, एवढाच त्याचा फायदा; तुमच्या वजनाला तो योग्य आहे की नाही, हे बसूनच कळते.

तुमच्या उंचीचाही विचार करा. या गाडीच्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. पुढच्या सीटवर दोन सेंटीमीटर फोम वाढवला आणि ती रुंदही केली, तर मांड्या बाहेर फाकतात आणि पाय जमिनीला टेकताना दोनाऐवजी तीन-साडेतीन सेंटीमीटर कमी पडल्यासारखे वाटते. गाडीचे वजन १९५ किलो, त्यावर मागे माणूस आणि सामान. घाटात उताराच्या बाजूला पाय टेकवण्याची वेळ आली, तर टाच उचललेली चालत नाही. म्हणून तुमच्या पुढच्या सीटला सध्या हात लावू नका, असे मी सुचवेन. कंपनीची टूरिंग सीट पाहायची असेल, तर शोरूममध्ये तिच्यावर निदान वीस मिनिटे बसा आणि बूट घालून दोन्ही पाय टेकवून पाहा.

वहिनींची सीट भरून घ्यायची ठरली, तर मूळ सीट फाडू देऊ नका. फोम एकदा कापला की मूळ आकार परत मिळत नाही. वेगळा तळ विकत घ्या, त्यावर नवे काम करून घ्या आणि मूळ सीट घरी जपून ठेवा. कोकणात पावसात जाणार असाल, तर आणखी एक गोष्ट सांगतो. सीटच्या मधोमध टाके आले, तर तिथूनच पाणी आत जाते, फोम ओला राहतो आणि नंतर दोन-दोन दिवस बसले की कपडे ओले होतात. टाके कडेला घ्यायला सांगा आणि रेक्झिनच्या आत प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून घ्या.

जेलची गादी उन्हात तापते, म्हणून मी ती सुचवत नाही. हवेची गादी चालते, पण लोक ती फुग्यासारखी फुगवतात आणि मग वळणावर डुलतात. तिच्यात हवा इतकीच ठेवावी, की बसल्यावर हाडे आणि सीट यांच्यात बोटभर अंतर उरेल.

नियमावली

नियमांच्या बाजूचे थोडे लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ हा मागे बसणाऱ्याच्या सुरक्षिततेचा आहे. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, हे सर्व त्याने आवश्यक केले आहे. डावा स्टे लवकर बसावा म्हणून काही फिटर साडीगार्ड काढून टाकतात. ते होऊ देऊ नका. ओढणी किंवा पदर चाकात जाणे हा फार गंभीर अपघात असतो. साडीगार्ड तसेच ठेवून बसणारे स्टे बाजारात मिळतात.

२०२० मध्ये याच नियमात हलक्या पेटीबाबत तरतूद आली. पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० यांहून अधिक असू नये. ती मागच्या माणसाच्या जागेवर बसवली, तर मागे माणूस बसवता येत नाही.

मात्र दापोलीवाट यांनी मागची पेटी जवळजवळ बाद केली आहे, ते मला पूर्ण मान्य नाही. मी रोज कार्यालयात गाडी नेतो, पेटीत रेनकोट, डबा आणि एक हेल्मेट मिळून चार-पाच किलोंच्या वर काही नसते, आणि कुलूप लावून निर्धास्तपणे निघून जाता येते. सातारकरांच्या पंधरा किलोंना ती योग्य नाही, हे खरे. पण छोटी पेटी आणि हलके सामान यांना तोच निकष लावू नये.

सातारकर

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघे पुन्हा दुकानात गेलो. पत्नीने बॅगा लावलेल्या गाडीवर चढून-उतरून पाहिले. पहिल्या स्टेवर बॅग इतकी वर येत होती, की तिला पाय आत घेता येईना. दुसरा संच चार बोटे खाली बसणारा, आडव्या पट्टीचा आणि साडीगार्ड न काढता लागणारा मिळाला, तोच घेतला. मागच्या सीटसाठी वेगळा तळ घेऊन रुंद, सपाट सीट भरायला दिली आहे. ती हातात आली, की मगच पाठटेक्याचे माप घेऊ. मोठ्या पेटीचा विचार सोडला आहे.

आता शेवटची शंका. एवढे वजन पडल्यावर मागचे शॉकॲब किती कडक करावेत, आणि त्याशिवाय आणखी काही बदलावे लागते का? शिवाय दाभोळ–धोपावे फेरीबोटीतून जाताना बॅगा काढाव्यात का?

दापोलीवाट

निवड योग्य झाली. ‘नियमावली’ यांचे म्हणणेही मला मान्य आहे. चार-पाच किलोंसाठी छोटी पेटी चालेल.

मागच्या शॉकॲबना सहा टप्पे आहेत. टूलकिटमधल्या सी आकाराच्या पान्याने ते फिरवता येतात. मी एकटा असताना दुसऱ्या टप्प्यावर आणि दोघे व सामान असताना पाचव्या टप्प्यावर ठेवतो. तुमचे वजन पाहता चौथ्यापासून सुरुवात करा आणि खड्ड्यात गाडी तळाला आपटत असेल, तर एक टप्पा वाढवा. दोन्ही बाजूंचा टप्पा एकच असला पाहिजे, हे प्रत्येक वेळी वाकून पाहा. टायरमधली हवा दोघांसाठी जितकी सांगितली आहे, तितकी गाडीच्या पुस्तिकेत पाहून, टायर थंड असतानाच भरा. त्याच पुस्तिकेत गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन दिलेले असते; त्यातून गाडीचे १९५ आणि तुम्हा दोघांचे १४२ किलो वजा करा, उरेल त्यात स्टे, बॅगा आणि आतले सामान असे सगळे बसले पाहिजे.

दिव्याचा झोत लोकांच्या लक्षात राहत नाही. मागची बाजू दबली की पुढचा दिवा वर उठतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, एकट्याने बसून झोताची वरची कड खडूने आखा आणि मग दोघांनी सामानासह बसून पाहा. कड वर गेली असेल, तर झोत खाली घ्यावा लागेल. चेनचा ढिलेपणाही दोघांनी बसूनच तपासावा, कारण स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) वर गेल्यावर चेनचा ताण बदलतो.

फेरीबोटीत बॅगा काढण्याची गरज नाही, पण गाडी मधल्या स्टँडवर न लावता साइड स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून, डाव्या बाजूला भिंत किंवा कठडा येईल अशी उभी करा आणि तुम्ही स्वतः गाडीजवळच थांबा. उतारावरून बोटीत चढताना-उतरताना वहिनींना आधी उतरू द्या. तिथला काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि बॅगांमुळे गाडीची रुंदी किती वाढली आहे, याचा अंदाज पहिल्या एक-दोन खेपांत येत नाही.